खोकल्याची बाटली आणि जिल्ह्याची योजना

सरकारी दवाखान्यातील मिक्स्चरची बाटली ज्या पिढीने पाहिली आहे तिला तिचे वर्णन करून सांगण्याची आवश्यकता नाही. बाटली रोग्याने घरून आणावयाची, बूचही त्यानेच आणावयाचे. कंपाउंडरने मोठ्या बरणीतील तांबूस औषध तिच्यात ओतून द्यावयाचे आणि दिवसातून तीन वेळा घ्यावयाच्या मात्रा कळाव्यात म्हणून कात्रीने खाचा पाडलेली कागदाची पट्टी तिला चिकटवावयाची. ताप असो, खोकला असो, अंग मोडून येत असो, रोग्याच्या पदरात बहुधा हेच पडावयाचे. या साध्या बाटलीला भारताच्या आरोग्यविषयक इतिहासात एक लहानसे परंतु महत्त्वाचे स्थान आहे. १९६० च्या सुमारास त्या वेळच्या म्हैसूर राज्यातील तुमकूर जिल्ह्यात जे संशोधन झाले, त्यात ती साक्षीदार म्हणून उभी राहिली. आणि तिच्या साक्षीचा साऱ्या देशातील क्षयरोग-निवारणाच्या जिल्हावार योजनेवर मोठा परिणाम झाला.

ही हकीकत नीट समजण्यासाठी थोडे मागे जावयास हवे.

क्षयाचा जंतू सापडल्याचे रॉबर्ट कॉख यांनी बर्लिन येथे २४ मार्च १८८२ रोजी जाहीर केले. कारण कळले म्हणजे उपाय कळला असे मात्र नसते. फिलाडेल्फियाहून वैद्यकाची पदवी घेऊन १८८६ मध्ये परतलेल्या डॉ. आनंदीबाई जोशी पुढच्याच वर्षी, २६ फेब्रुवारी १८८७ रोजी, पुण्यात याच रोगाने गेल्या. त्या स्वतः डॉक्टर होत्या, रोगाचा जंतू सापडून पाच वर्षे झाली होती. परंतु त्याला मारणारे औषध निघावयास अद्याप जवळजवळ साठ वर्षांचा अवकाश होता. या साठ वर्षांत वैद्यकापाशी देण्यासारखे होते ते एवढेच: मोकळी हवा, सक्तीची विश्रांती, दूध आणि अंडी, आणि फार झाले तर फुप्फुस काही काळ मिटून राहावे म्हणून छातीत हवा भरण्याची क्रिया. हे सर्व घरी होणे कठीण म्हणून आरोग्यधामे निघाली. राजस्थानातील तिलोनिया येथे १९०६ मध्ये मिशनऱ्यांनी असे पहिले आरोग्यधाम काढले. पुढे आंध्रात मदनपल्लीस, पाचगणीच्या डोंगरावर आणि मिरजेजवळ वानलेसवाडीस ती झाली. कोल्हापूर-बेळगावकडच्या मराठी माणसाला वानलेसवाडी या नावाचा अर्थ उलगडून सांगावा लागत नसे. अमक्याला तेथे ठेवले आहे एवढे म्हटले की ऐकणारा पुढचे काही विचारीत नसे.

आरोग्यधामांनी अनेकांचे प्राण वाचविले याविषयी वाद नाही. प्रश्न होता तो हिशेबाचा. ऑक्टोबर १९४३ मध्ये सरकारने आरोग्य-पाहणी व विकास समिती नेमली. तिचे अध्यक्ष सर जोसेफ भोर हे नाशिकचे, मराठी ख्रिस्ती कुटुंबातील आणि सनदी नोकरीत मोठ्या पदांना पोचलेले गृहस्थ. कामगार पुढारी ना. म. जोशी हेही तिचे एक सभासद होते. समितीचा अहवाल १९४६ मध्ये निघाला. त्यातील क्षयावरील आकडे आजही वाचताना मन दडपते. देशात क्षयाचे सुमारे २५ लाख रुग्ण, वर्षाला ५ लाख मृत्यू, आणि या रोगासाठी रुग्णालयांतून खाटा सुमारे ६ हजार! म्हणजे चारशेहून अधिक रुग्णांमागे एक खाट. प्रत्येक रुग्ण सहा महिन्यांत बरा होऊन गेला असे धरले (आणि तसे तो जात नसे) तरी वर्षाकाठी १२ हजारांची सोय. बाकीच्यांचे काय, याला उत्तर नव्हते. खाटा दसपट केल्या असत्या तरी ते मिळाले नसते. आणि दसपट करण्यास पैसाही नव्हता.

शिवाय या २५ लाखांच्या आकड्यालाही पक्का आधार नव्हता. जन्ममृत्यूच्या नोंदी खेड्यात ठेवावयाच्या त्या गावकामगारांनी. मेलेला माणूस कशाने मेला हे त्यांनी कसे सांगावे? हिंदुस्थानच्या त्या काळच्या मृत्युपत्रकांत ‘ताप’ या एका रकान्यात अर्ध्याहून अधिक माणसे जाऊन पडत. त्यांत मलेरिया किती, विषमज्वर किती आणि क्षय किती हे कागदावरून सांगणे कोणालाही शक्य नव्हते. जी माणसे दवाखान्यात येत त्यांची मोजणी होत असे, परंतु दवाखाने शहरांत. तेव्हा रोगीही शहरांतच दिसत. त्यातून एक समजूत दृढ होऊन बसली होती की क्षय हा शहरांचा रोग आहे: गिरणगावातील चाळींचा, कोंदट खोल्यांचा, धुराचा. खेड्यातील मोकळ्या हवेत त्याला थारा नाही. समजूत तर्काला धरून होती, आणि म्हणूनच ती कोणी तपासून पाहिली नव्हती.

ती तपासली गेली १९५५ ते १९५८ या काळात. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने कलकत्ता, दिल्ली, हैदराबाद, मदनपल्ली, पाटणा आणि त्रिवेंद्रम ही सहा केंद्रे धरून त्यांच्या भोवतीच्या शहरांत, गावांत आणि खेड्यांत नमुना-पाहणी केली. या पाहणीचे वैशिष्ट्य असे की तिने रोग्याची वाट पाहिली नाही. चिठ्ठ्या टाकून निवडावी तशी गावे निवडली गेली. निवडलेल्या गावात प्रथम घरोघर जाऊन शिरगणती झाली आणि मग क्ष-किरण यंत्र बसविलेली मोटार, मागे तिला वीज पुरविणारे जनित्र, अशी ती वरात गावात येऊन थांबली. धडधाकट दिसणारा, खोकणारा, शेतावर जाण्याच्या घाईत असलेला, प्रत्येकाच्या छातीचे छायाचित्र. छायाचित्रे दोघा तज्ज्ञांनी वेगवेगळी पाहावयाची. संशय आला की त्या माणसाची थुंकी तपासावयाची. पावसाळ्यात बैलगाडीच्या वाटेने ती मोटार नेणे किती सोपे होते हे ज्याला त्या काळचे रस्ते ठाऊक आहेत त्यालाच कळेल. परंतु असे केल्यावाचून ‘गावात क्षय किती?’ या प्रश्नाला खरे उत्तर मिळण्याचा दुसरा मार्गच नव्हता.

उत्तर आले ते असे. छायाचित्रावरून क्षय असलेले रुग्ण हजारी १३ ते २५, आणि त्यांपैकी ज्यांच्या थुंकीत जंतू आहेत, म्हणजे जे दुसऱ्याला रोग देऊ शकतात, ते हजारी २ ते ८. यापेक्षाही महत्त्वाची गोष्ट अशी की शहर आणि खेडे यांत म्हणण्यासारखा फरक आढळला नाही. क्षय खेड्यात शहराइतकाच होता. आणि १९५१ च्या शिरगणतीप्रमाणे देशातील दर सहा माणसांपैकी पाच खेड्यांत राहत होती. तेव्हा रुग्णही बहुतांशी तेथेच असणार हे उघड झाले. त्यांच्यासाठी आखलेली आरोग्यधामे आणि क्षय-चिकित्सालये होती ती मात्र शहरांत आणि थंड हवेच्या डोंगरांवर!

इकडे औषधे निघाली होती. स्ट्रेप्टोमायसिन आणि ‘पास’ ही दोन १९४३-४४ च्या सुमारास, आणि १९५२ मध्ये आयसोनायझिड ही स्वस्त आणि गुणकारी गोळी. आता नवा प्रश्न उभा राहिला. गोळीच घ्यावयाची तर ती डोंगरावर जाऊनच का घ्यावी? पण हा प्रश्न त्या वेळी कित्येक नामांकित डॉक्टरांस धाडसाचा वाटे. विश्रांती आणि सकस अन्न यांवाचून क्षय बरा होतो ही कल्पनाच त्यांना सहन होत नसे; शिवाय रोगी घरीच ठेवला तर घरातील मुलाबाळांचे काय, ही भीती.

मद्रास येथे १९५६ मध्ये या प्रश्नाचा निकाल लावण्यासाठी खास केंद्र उघडण्यात आले. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद, मद्रास सरकार, जागतिक आरोग्य संघटना आणि ब्रिटनची वैद्यकीय संशोधन परिषद यांचे ते संयुक्त काम असून डॉ. वॉलेस फॉक्स हे त्याचे प्रमुख होते. शहरातील गरीब वस्त्यांतील रुग्ण निवडून, कोणी कोठे जावयाचे हे चिठ्ठीवर सोपवून, निम्मे आरोग्यधामात ठेवले आणि निम्मे घरी. औषध दोघांस एकच, वर्षभर. आरोग्यधामातील रुग्णाला खाट, परिचारिका, विश्रांती आणि पोटभर चांगले अन्न. घरच्या रुग्णाला त्याची एक खोली, तीत दाटीने राहणारे कुटुंब, जे शिजेल ते अन्न, आणि अंगात थोडे बळ येताच पुन्हा काम. औषध खरोखर घेतले जाते की नाही हे पाहण्यासाठी अवचित घरी जाऊन पुड्या मोजल्या जात, लघवी तपासली जाई. १९५९ मध्ये निकाल प्रसिद्ध झाला. आरोग्यधामातील रुग्णांचे वजन अधिक वाढले होते, हे खरे; परंतु रोग हटण्याच्या बाबतीत दोन्ही बाजू जवळजवळ बरोबरीच्या निघाल्या. घरी राहिलेल्यांच्या कुटुंबीयांतही त्यामुळे रोग अधिक पसरल्याचे दिसले नाही. औषध सुरू झाले की धोका झपाट्याने ओसरतो. खरा संसर्ग निदान होण्यापूर्वीच होऊन गेलेला असतो.

या निकालाने खाटांचा तो न सुटणारा हिशेब एका फटक्यात बाजूला सारला. आरोग्यधामांचे युग जगभर संपत आले त्याला मद्रासच्या गरीब वस्त्यांतील हा प्रयोग बराच कारणीभूत आहे. मराठी वाचकाला याचे नवल वाटावे, कारण पश्चिमेकडून इकडे येणारे शास्त्र आपल्या परिचयाचे. येथून तिकडे गेलेले क्वचितच ऐकिवात येते.

असो. आता रोग किती आणि कोठे आहे हे ठाऊक होते आणि घरी बसून तो बरा करता येतो हेही. उरला प्रश्न एकच: खेड्यापाड्यांत पसरलेले हे लाखो रुग्ण शोधावयाचे कसे आणि वर्ष-दीड वर्ष त्यांच्या हातात गोळ्या पोचवावयाच्या कशा? याच कामासाठी बंगलोर येथे १९५९ मध्ये राष्ट्रीय क्षयरोग संस्था स्थापन झाली. १६ सप्टेंबर १९६० रोजी पंडित नेहरूंनी तिचे रीतसर उद्घाटन केले. तेथे जमलेली मंडळी थोडी निराळी होती. जागतिक आरोग्य संघटनेतर्फे १९५१ पासून भारतात राहिलेले डेन्मार्कचे डॉ. हाफदान मालर, त्यांचेच देशबंधू डॉ. स्टिग अँडरसन, संख्याशास्त्रीय पाहणीत मुरलेले डॉ. राज नारायण, आणि वैद्यक शिकून पुढे मानववंशशास्त्राकडे वळलेले डॉ. देबाबर बॅनर्जी. डॉक्टर, संख्याशास्त्रज्ञ आणि समाजशास्त्रज्ञ यांनी एका मेजाशी बसून एका रोगाची योजना करावी ही गोष्ट त्या वेळी जगात इतरत्रही विरळाच होती.

रुग्ण शोधण्याविषयी तेव्हा दोन मते प्रचलित होती. एक पक्ष म्हणे, क्ष-किरणांच्या मोटारी गावोगाव फिरवा. परंतु साधा हिशेब केला तरी दिसत होते की पंधरा लाख वस्तीचा एक जिल्हा एका मोटारीने पुरा करावयास वर्षानुवर्षे लागतील, आणि शेवटच्या गावी पोचेपर्यंत पहिल्या गावात नवे रुग्ण झालेले असतील. आणि मोटार निघून गेल्यावर गोळ्या कोण देणार? दुसरा पक्ष म्हणे, खेडूत अज्ञानी आहे. त्याला रोगाची जाणीवच नसते, असली तर तो देवऋषाकडे जातो. तेव्हा आधी प्रचार करा, लोकशिक्षण करा, मग दवाखाने काढा. हा दुसरा पक्ष फार लोकप्रिय होता. त्याचे कारणही समजण्यासारखे आहे: त्यात दोष रोग्याकडे जातो आणि दवाखाना निर्दोष ठरतो.

बॅनर्जी आणि अँडरसन यांनी यावर वाद घातला नाही; त्यांनी विचारावयास माणसे पाठविली. तुमकूर जिल्ह्यात संस्थेची क्षयरोग-पाहणी झाली होती, त्यामुळे कोणत्या गावात कोणाच्या छातीत क्षय आहे आणि कोणाच्या थुंकीत जंतू आहेत याची यादी तयार होती. या रुग्णांची आणि त्यांच्याच बरोबरीच्या निरोगी माणसांची घरी जाऊन भेट घ्यावयाची, आणि भेट घेणाऱ्याला मात्र समोरचा माणूस रुग्ण आहे की निरोगी हे कळू द्यावयाचे नाही, अशी व्यवस्था केली गेली. ही शेवटची अट वरवर किरकोळ दिसते, परंतु साऱ्या संशोधनाची इमानदारी तीत आहे. समोरचा क्षयी आहे हे ठाऊक असेल तर विचारणारा नकळत त्याच्या तोंडून खोकला वदवून घेतो. प्रश्न साधेच होते. प्रकृती कशी आहे? काही त्रास होतो काय? किती दिवस? त्याची काळजी वाटते काय? त्यासाठी काय केले, कोठे गेलात?

जी उत्तरे आली ती १९६३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाली. ज्यांच्या थुंकीत जंतू होते अशा रुग्णांपैकी जवळजवळ सर्वांना आपल्याला काही तरी होत आहे याची जाणीव होती. सुमारे तीन चतुर्थांशांना त्याची काळजी वाटत होती. आणि निम्म्याहून अधिक रुग्ण उपचारासाठी आपण होऊन बाहेर पडले होते: देवऋषाकडे नव्हे, वैदूकडे नव्हे, तर सरकारी दवाखान्यांसारख्या आधुनिक वैद्यकाच्या ठिकाणी.

आणि तेथे काय झाले? तेथे त्यांना खोकल्याच्या औषधाची बाटली मिळाली.

ज्या माणसाला अज्ञानी म्हणून शिकवावयाचे बेत चालले होते तो माणूस मजुरीचा दिवस बुडवून, पायी चालत, हातात रिकामी बाटली घेऊन दवाखान्याच्या दारात येऊन उभा राहिला होता. त्याला क्षय आहे हे त्याला ठाऊक नव्हते. पण ते त्याला ठाऊक असावे अशी अपेक्षाच चुकीची. ते ओळखणे हे दवाखान्याचे काम. दवाखान्यात सूक्ष्मदर्शक नव्हता, असला तर थुंकी पाहावयास माणूस नव्हता, माणूस असला तर त्याला तशी आज्ञा नव्हती. डॉक्टरपुढे गर्दी, एका रोग्यास दोनतीन मिनिटे, खोकला म्हणताच चिठ्ठी, चिठ्ठी दाखविताच बाटली. त्या डॉक्टरांना दोष देण्यातही अर्थ नाही. क्षय हे आपले काम नव्हे, ते शहरातील क्षय-चिकित्सालयाचे, असेच त्यांना शिकविले गेले होते.

या एका शोधाने योजनेची दिशा फिरविली. जे रुग्ण आपल्या पायांनी येतात त्यांची व्यवस्था होत नाही तोवर घरोघर जाऊन नवे रुग्ण हुडकणे म्हणजे दारात पाहुणा उपाशी ठेवून गावाला आमंत्रण देणे होय, असे या मंडळींच्या म्हणण्याचे मराठीत सार सांगता येईल. मग ठरले ते असे की क्षयासाठी निराळी फौज उभारावयाची नाही. जिल्ह्यात जे दवाखाने, जी प्राथमिक आरोग्य केंद्रे आहेत त्यांतूनच हे काम व्हावयाचे. दीर्घकाळ खोकणारा प्रत्येक रुग्ण आला की त्याची थुंकी काचपट्टीवर घ्यावयाची, रंगवावयाची, सूक्ष्मदर्शकाखाली पाहावयाची. जंतू दिसले की तेथेच, त्याच्या घराजवळच्या दवाखान्यातून, महिन्याच्या गोळ्या द्यावयाच्या. सामान्य दवाखान्यातील सामान्य नोकरांना हे जमेल काय, अशी शंका साहजिकच निघाली. संस्थेने त्याचीही परीक्षा पाहिली आणि थोड्या शिकवणीनंतर ते जमते असे दाखवून दिले. जिल्ह्याच्या ठिकाणी एक केंद्र: एक जिल्हा क्षयरोग अधिकारी, क्ष-किरण यंत्र, प्रयोगशाळा, उपचारांची नोंद ठेवणारा आणि आकडे जुळविणारा एकेक माणूस. दवाखान्यांना शिकवावयाचे, गोळ्या पुरवावयाच्या आणि कार्डे तपासावयाची हे त्याचे काम. १९६२ पासून ही जिल्हा क्षयरोग योजना देशभर लागू होऊ लागली.

जिल्हाच का निवडला, हेही लक्षात घेण्याजोगे आहे. प्रांत फार मोठा, तालुका तज्ज्ञ ठेवण्यास फार लहान. जिल्ह्याला कलेक्टर आहे, सिव्हिल सर्जन आहे, रस्ते त्याच्या ठाण्याकडे येतात आणि लोकही कोर्टकचेरीच्या निमित्ताने तेथे येऊन जातात. लोक जसे जगतात त्या मापाने योजना बेतावी हा विचार त्यामागे होता. याच मंडळींतील मालर पुढे १९७३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेचे महासंचालक झाले आणि १९७८ मध्ये आल्मा-आटा येथे प्राथमिक आरोग्यसेवेची जी घोषणा झाली तिच्या मागे त्यांचे मोठे बळ होते. त्यांच्या या आग्रहाची मुळे भारतात घालविलेल्या वर्षांत शोधली तर ते चूक ठरू नये.

येथवरची कथा यशाची आहे. पुढची तशी नाही.

योजना सर्वसामान्य आरोग्यसेवेच्या खांद्यावर उभी होती, आणि ते खांदेच बळकट झाले नाहीत. भोर समितीने अल्पकालीन योजनेत ४० हजार वस्तीमागे एक आरोग्य केंद्र आणि त्यात दोन डॉक्टर सुचविले होते. २ ऑक्टोबर १९५२ पासून सुरू झालेल्या विकासगटांतून प्रत्यक्षात एका गटाला एक केंद्र आले, आणि त्याच्या वाट्याला पुष्कळदा याहून कितीतरी मोठी वस्ती आली. पुढे मलेरिया-निर्मूलनाच्या मोहिमेस मोठा पैसा आणि माणसे गेली. साठ-सत्तरच्या दशकांत कुटुंबनियोजनाच्या आकड्यांनी केंद्राच्या डॉक्टरास दुसरे काही सुचू दिले नाही. थुंकी पाहणारा माणूस बदलून जाई, त्याची जागा भरली जात नसे. महिन्याच्या गोळ्या घेण्यास आलेला रुग्ण ‘माल आला नाही’ असे ऐकून परत जाई. दोन महिन्यांत खोकला थांबे, अंग भरू लागे, आणि बरे वाटणारा माणूस वर्षभर गोळ्या घ्यावयास का येत नाही याचे कोडे संस्थेच्या पुढच्या संशोधनांनाही पुरते सुटले नाही. खरे म्हणजे ते कोडे नव्हते. मजुरी बुडते तेव्हा बरे वाटणारा माणूस कामावर जातो.

१९९२ मध्ये भारत सरकारने जागतिक आरोग्य संघटना आणि स्वीडनची मदत संस्था यांच्यासह या योजनेची तपासणी केली. तीस वर्षांनंतर उपचार पूर्ण करणारे रुग्ण चाळीस टक्क्यांहूनही कमी निघाले. थुंकी-तपासणी हा जिचा कणा होता त्या योजनेत निदान छायाचित्रावरच होत होते. औषधांचा तुटवडा नित्याचा होता. तुमकूरने दिलेले उत्तर चुकले नव्हते. ते कागदावर स्वीकारले गेले होते आणि अंदाजपत्रकात स्वीकारले गेले नव्हते, एवढेच. संशोधनाने योजना आखता येते. तिला पैसा मिळवून देणे संशोधकाच्या हाती नसते, आणि हे दुःख बॅनर्जींनी नंतरच्या आपल्या लेखनात वारंवार आणि बऱ्याच कडवटपणे मांडले.

त्यानंतर १९९३ मध्ये नव्या पद्धतीची चाचणी सुरू झाली, १९९७ मध्ये ती कार्यक्रम म्हणून जाहीर झाली आणि २००६ पर्यंत सर्व देशभर पोचली. रुग्णाने गोळी दुसऱ्या कोणाच्या देखत गिळावी ही तिची मुख्य अट. तिच्यासाठी पैसा आला, औषधांच्या पेट्या रुग्णाच्या नावाने ठेवल्या गेल्या, आणि थुंकी-तपासणीची केंद्रे खरोखर उभी राहिली. बरे होणाऱ्यांचे प्रमाण पुष्कळ वाढले.

२०१९ ते २०२१ या वर्षांत देशात पुन्हा एकदा तशीच मोठी पाहणी झाली. तिचे नेतृत्व चेन्नईच्या ज्या संस्थेने केले ती १९५६ च्या त्या मद्रास केंद्राचीच वंशज. या वेळीही तीन लाखांहून अधिक माणसे तपासली गेली. पंधरा वर्षांवरील लोकांत जंतू सापडलेला फुप्फुसाचा क्षय लाखात ३१६ आढळला. मात्र एका राज्याचे प्रमाण दुसऱ्यापासून फार भिन्न निघाले: दिल्ली सर्वांत वर, केरळ तळाशी. साऱ्या देशाला एकच माप लावणे त्यामुळे आता अधिकच कठीण झाले आहे.

याच पाहणीतील दोन आकडे तुमकूरशी ताडून पाहण्याजोगे आहेत. ज्यांना क्षयाची लक्षणे होती त्यांपैकी ६४ टक्के लोक कोणत्याच दवाखान्यात गेले नव्हते. विचारता बहुतेकांनी सांगितले की त्रासाकडे आम्ही लक्ष दिले नाही. हा आकडा तुमकूरच्या आकड्याशी सरळ जोडता येणार नाही, कारण तेथे जंतू असलेल्या रुग्णांविषयी विचारले होते आणि येथे लक्षणे असलेल्या सर्वांविषयी. तरीही साठ वर्षांत दवाखाने कितीतरी पटींनी वाढलेले असताना हे उत्तर यावे, याचा अर्थ लावण्याचे काम अजून व्हावयाचे आहे. दुसरा आकडा याहूनही अडचणीचा आहे. पाहणीत सापडलेल्या रुग्णांपैकी सुमारे ४३ टक्के केवळ छातीच्या छायाचित्रामुळे हाती लागले. लक्षणांवर विसंबले असते तर ते सुटून गेले असते. म्हणजे खोकणारा आपण होऊन येईल, त्याची थुंकी पाहा, या तुमकूरच्या सूत्रात न बसणारे रुग्णही मोठ्या संख्येने आहेत. एके काळी खर्चिक आणि निरुपयोगी म्हणून बाजूला सारलेली क्ष-किरणांची मोटार त्यामुळे पुन्हा विचारात आली. आता तिची मोटारही उरलेली नाही. ७ डिसेंबर २०२४ पासून ३४७ जिल्ह्यांत शंभर दिवसांची जी मोहीम काढण्यात आली तीत हातात धरून नेता येणारी क्ष-किरण यंत्रे गावांत फिरविली गेली. त्यांतून सापडलेल्या रुग्णाला सहा महिन्यांच्या गोळ्या घ्यावयाच्या त्या मात्र गावाजवळच्या त्याच आरोग्य केंद्रातून.